फिरत्या टॉकीजचा अस्त

मोटारीत बसल्याबसल्या सिनेमा पाहावयाचा, ही कल्पना अमेरिकेतील न्यू जर्सी संस्थानात, कॅम्डेन या गावी, रिचर्ड हॉलिंगशेड नावाच्या गृहस्थाने प्रथम व्यवहारात आणली. घरच्या अंगणात मोटारीच्या बॉनेटवर प्रक्षेपणयंत्र ठेवून आणि दोन झाडांमध्ये चादर ताणून त्याने आधी आपली खात्री करून घेतली. पाऊस आला तर कसे दिसेल हे पाहण्यासाठी बागेला पाणी देण्याचा फवारा मोटारीवर सोडून पाहिला म्हणतात. मग ६ जून १९३३ रोजी त्याचे 'ड्राइव्ह-इन' थिएटर सुरू झाले. मोटारीला पंचवीस सेंट आणि आतल्या प्रत्येक माणसाला पंचवीस सेंट असा दर होता. पुढच्या पंचवीस वर्षांत अमेरिकेत अशी चार हजारांवर थिएटरे झाली आणि त्याच्या पुढच्या पन्नास-साठ वर्षांत ती ओसरत ओसरत तीनशेच्या आसपास येऊन ठेपली. कारण फार गूढ नाही. ड्राइव्ह-इनला जागा लागते पुष्कळ, आणि ती वापरात येते रात्रीचे चार तास. गावाबाहेरची स्वस्त जमीन गाव वाढता वाढता गावातली महाग जमीन झाली आणि पडद्याच्या जागी दुकाने उभी राहिली. घरोघर दूरदर्शन संच आले, पुढे व्हिडिओ आला. पण मुळावर घाव घातला तो जमिनीच्या भावाने.

आपल्याकडे अहमदाबादेस १९७३ साली असे थिएटर निघाले. मुंबईला वांद्र्यातही सत्तरीच्या दशकात निघाले, काही वर्षे गाजले, आणि या शतकाच्या आरंभी बंद पडले. वांद्र्याच्या जमिनीचा भाव ज्याला ठाऊक आहे त्याला त्याचे कारण विचारावे लागणार नाही. २०२१ च्या नोव्हेंबरात त्याच वांद्र्यात एका आलिशान बाजारसंकुलाच्या गच्चीवर २९० मोटारींसाठी पुन्हा पडदा लागला. जमीन परवडेना म्हणून सिनेमा गच्चीवर गेला, एवढाच त्याचा अर्थ.

आमच्या वाशीम जिल्ह्यात ड्राइव्ह-इन निघाल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही. निघते तरी गेले कोण असते? पण उघड्या आभाळाखाली पडदा लावावा आणि लोकांनी आपापल्या वाहनातून येऊन, प्रसंगी वाहनातच बसून तो पाहावा, ही गोष्ट आम्हांला कॅम्डेनकरांकडून शिकावी लागली नाही. वाहन बैलगाडी होते, एवढाच फरक. या प्रकाराला आमच्याकडे कोणी 'टुरिंग टॉकीज' म्हणे, कोणी 'तंबू', आणि बहुतेक जण नुसते 'टाकी' म्हणत. हा तंबूही गेला. मात्र तो का गेला हे सांगणे ड्राइव्ह-इनइतके सोपे नाही. कारण तंबूवाल्याची स्वतःची वीतभर जमीनही नव्हती. गावाबाहेरचे पडीत रान किंवा यात्रेचे मैदान आठ-पंधरा दिवसांच्या भाड्याने घ्यावयाचे आणि मुक्काम उठला की खुंट्या उपटून चालू लागावयाचे, असा तो धंदा. जमीन महागल्याने अमेरिकेचा पडदा पडला हे पटते. पण ज्याला जमीनच नको होती त्याचा पडदा का पडावा?

हा धंदा सिनेमाइतकाच जुना, किंबहुना थोडा अधिकच जुना आहे. सिनेमा यायच्या आधी कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी आपल्या मुलांसह 'शांबरिक खरोलिका' नावाचा जादूच्या कंदिलाचा खेळ काढला होता. रंगविलेल्या काचा सरकवीत पडद्यावर चित्रे हलती भासवावयाची आणि सोबत कथन व संगीत चालावयाचे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखविण्यात आली. त्यानंतर थोड्याच वर्षांत अब्दुलअली युसुफअली हे गृहस्थ तंबू घेऊन सिंगापूर, जावा, ब्रह्मदेश, सिलोन असे हिंडू लागले. १९०८ पासून ते हिंदुस्थानात हिंडले. त्यांचा तंबू शंभर फूट लांब आणि पन्नास फूट रुंद असून त्यात हजार माणसे मावत. हेच अब्दुलअली पुढे अर्देशिर इराण्यांचे भागीदार झाले, आणि १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' हा पहिला बोलपट मुंबईत लागला तो या जोडीच्या मॅजेस्टिक थिएटरात. म्हणजे आपल्या पक्क्या थिएटरांचा एक पूर्वज तंबूच होता. दादासाहेब फाळक्यांचे चित्रपटही गावोगाव बैलगाडीनेच हिंडले; परतताना गाडीत तिकिटांच्या पैशांचे इतके ओझे होई, की ते सांभाळणे हाच एक उद्योग होऊन बसे, असे सांगतात. एक-दोन आण्यांच्या नाण्यांनी ओझे होणारच.

मुक्या चित्रपटाला माणसाने फिरवावयाचे यंत्र आणि दिवा एवढे पुरे. बोलपटाला वीज हवी, ध्वनिवर्धक हवा. त्यामुळे १९३१ नंतर तंबूबरोबर जनित्र आले, सामान वाढले, बैलगाडी जाऊन ट्रक आला आणि 'टॉकीज' हे नाव चिकटले. चित्रपटांच्या व्यापारात आमच्या भागाला अजून 'सी. पी. बेरार' म्हणतात. हा प्रांत राजकीय नकाशावरून जाऊन किती वर्षे लोटली! १९५६ साली वऱ्हाड मध्यप्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आले, १९६० साली महाराष्ट्रात आले. स्वतः वाशीम १९०५ साली जिल्ह्याचे ठाणे म्हणून मिटले होते ते १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून फुटून पुन्हा जिल्हा झाले. पण वितरकांच्या वह्यांतले 'सी. पी. बेरार' काही मिटले नाही. भुसावळ आणि अमरावती ही त्याची ठाणी. आमच्या बाजूला फिरणारा तंबूवाला अमरावतीस जाऊन चित्र ठरवी आणि फिल्मच्या पेट्या आगगाडीने नाहीतर मोटारीच्या टपावरून आणी. मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी कारंज्यावरून जाई. तिला पुढे लोक कौतुकाने 'शकुंतला' म्हणू लागले. कापसाच्या गाठी वाहण्यासाठी घातलेल्या त्या रुळांवरून वऱ्हाडाचा कापूस बाहेर गेला आणि सिनेमा आत आला, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

कापसाचा हा संबंध वरवरचा नाही. टुरिंग टॉकीजचे वर्ष दसरा-दिवाळीपासून सुरू होई आणि मृगाच्या तोंडाशी संपे. पावसाळ्यात कापड कुजते, रान चिखलाचे होते आणि माणूस शेतात अडकतो, ही त्याची अर्धी बाजू. उरलेली अर्धी बाजू अशी, की कापसाचा पहिला वेचा घरी येई तो याच दिवसांत. कारंज्याच्या किंवा वाशीमच्या बाजारात गाडी खाली झाली की शेतकऱ्याच्या मुठीत रोख पैसा येई. वेचणीची मजुरीही आठवड्याच्या आठवड्याला रोख. बायांच्या हाती स्वतःचा म्हणून काही पैसा येई तो वर्षातून याच दोन-तीन महिन्यांत. तंबूवाला हे पंचांगासारखे जाणून असे. पोहरादेवीला रामनवमीस बंजारा समाजाची मोठी यात्रा भरते. डव्ह्याला नाथनंगे महाराजांची, लोणीला सखाराम महाराजांची. जेथे माणूस जमेल आणि त्याच्या कनवटीला चार पैसे असतील तेथे राहुटी ठोकावयाची, हे त्या धंद्याचे सारे अर्थशास्त्र होते.

खेळाची तयारी दुपारपासून. तांगा नाहीतर जीप कर्णा लावून आसपासच्या खेड्यांत फिरे. सायंकाळी कर्ण्यावर भक्तिगीतांच्या तबकड्या लागत, त्या दोन-तीन कोसांवर ऐकू जात, आणि वाटेवर गाड्यांच्या घुंगरांचा आवाज सुरू होई. तंबूत खाली माती. पुरुषांचे अंग निराळे, बायकांचे निराळे. मध्ये दोरी किंवा कनात. कित्येक ठिकाणी वर छप्पर नसेच, चारी बाजूंनी कनाती असत आणि मध्ये आभाळ. यंत्र बहुधा एकच असल्यामुळे रीळ संपले की खेळ थांबे आणि पुढचे रीळ चढेपर्यंत पेट्रोमॅक्सच्या उजेडात चिवडा, मुरमुरे व ओळखीपाळखी चालत. शहरातल्या चित्रपटाला एक मध्यंतर असते, तंबूतल्या चित्रपटाला सात-आठ असत, आणि प्रत्येक मध्यंतरात मागची कथा न समजलेल्यांना ती समजावून सांगितली जाई. यंत्रातला उजेड कार्बनच्या दोन कांड्यांमधल्या ठिणगीचा. ऑपरेटरचे लक्ष चुकले आणि कांड्यांमधले अंतर वाढले की पडद्यावरचा दिवस मावळू लागे व सगळा तंबू त्याच्या नावाने ओरडू लागे. जुन्या काळची फिल्म तर स्फोटक द्रव्याच्या जातीची, पेटली तर पाण्याने विझत नसे. १९१८ च्या सिनेमा कायद्यात आगीच्या बंदोबस्ताला एवढे महत्त्व का दिले आहे हे त्यावरून कळावे.

ज्यांच्याजवळ तिकिटाला पैसे नसत त्यांच्यासाठीही सोय होती. मालकाने केलेली मात्र नव्हे. कनातीच्या मागे जराशा उंचवट्यावर गाडी सोडली, की पडद्याची पाठ दिसे. कापड पातळ, त्यामुळे चित्र पलीकडूनही उमटे. फक्त डावे-उजवे उलटे. आमच्यासारख्या पोरांनी कित्येक योद्धे डावखुरे पाहिले आहेत आणि नावांच्या पाट्या आरशातल्यासारख्या वाचल्या आहेत. गाडीत कडबा पसरलेला, बैल खाली रवंथ करीत उभे, आणि समोर उलटा सिनेमा. कॅम्डेनच्या थिएटरात असल्या उलट्या बाजूचे तिकीट कोणी काढले नसेल.

पण हा प्रकार केवळ गमतीचा समजून हातावेगळा करणे बरे नव्हे. जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या शिरगणतीत सुमारे बारा लाख. त्यांतले शंभरांत ब्याऐंशी जण खेड्यांत राहणारे. पन्नास-साठ वर्षांपूर्वी हे प्रमाण अधिकच असणार. पक्की थिएटरे तालुक्याच्या गावी. पुरुष बाजाराच्या निमित्ताने तेथे जाई आणि सिनेमा पाहून येई. त्याची बायको, आई, बहीण जाऊ शकत नसत. परगावी सिनेमाला जाणारी बाई म्हणजे गावाला विषय. यात्रेला मात्र जाता येई, कारण यात्रा देवाची. आणि यात्रेतल्या तंबूत बसता येई, कारण तेथे बायकांचे अंग वेगळे असे आणि सोबतीला अर्धे गाव असे. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ साली निघाला. 'जय संतोषी माँ' १९७५ साली. मधल्या चाळीस वर्षांत खेड्यातल्या बाईने जो काही सिनेमा पाहिला तो बहुतांशी अशा तंबूत. 'संतोषी माँ'च्या खेळाला बायका चपला बाहेर काढून आत जात आणि पडद्यापुढे नारळ फोडीत, ही गोष्ट देशभर नमूद झालेली आहे. शहरातले समीक्षक तिला हसले. वर्षातून एकदा दिसणाऱ्या पडद्यासमोर कोणी हात जोडले तर त्यात हसण्यासारखे काय आहे, हे मला अजून उमगलेले नाही.

मराठी चित्रपटाचेही पुष्कळसे पोट या तंबूवर भरत असे. 'सांगत्ये ऐका' १९५९ साली आला आणि पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चालला, हे सर्वांना ठाऊक असते. तमाशापटांना पुढची पंधरा-वीस वर्षे खेडोपाडी ज्यांनी जगविले त्या तंबूंची नावे कोणाला ठाऊक नसतात. दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या' १९७१ चा. 'माहेरची साडी' १९९१ ची. शहरात हिंदी चित्रपटाशी झुंजून दमलेल्या मराठी चित्रपटाला तंबूत झुंजावे लागत नसे, तेथे प्रेक्षक त्याचाच होता. तंबू गेले तेव्हा मराठी चित्रपटाने आपला ग्रामीण बाज सोडला की ग्रामीण बाज सुटल्यामुळे तंबू गेले, याचा वाद घालता येईल. माझे मत पहिल्या बाजूला झुकते. ज्या प्रेक्षकाकडून पैसा येत नाही त्याची भाषा चित्रपट फार काळ बोलत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दूरदर्शनने तंबू मारला, असे सरसकट म्हटले जाते. मुंबई केंद्र १९७२ साली सुरू झाले, पण वऱ्हाडातल्या खेड्यांना त्याचे काय? १९८३-८४ नंतर लहान प्रक्षेपकांचे जाळे पसरले. १९८७ च्या जानेवारीत 'रामायण' सुरू झाले आणि रविवारी सकाळी गावे ओस पडू लागली. त्याच सुमारास व्हिडिओ आला. एका खोलीत संच, बाहेर पडदा, आणि तिकीट तंबूपेक्षा स्वस्त. तंबूचे गावोगावचे लांब मुक्काम यानेच संपविले, यात शंका नाही. परंतु यात्रेतला तंबू त्यानंतरही वीस-पंचवीस वर्षे तग धरून होता. म्हणजे घरी रामायण पाहणारी माणसे यात्रेत पैसे देऊन सिनेमा पाहतच होती. तेव्हा दूरदर्शन हे दुखणे खरे, पण प्राण त्याने गेला नाही.

दुसरे कारण कागदाचे. फिरत्या सिनेमाला परवाना ठरावीक मुदतीचा, ठरावीक जागेचा. गाव बदलले की पुन्हा अर्ज, पुन्हा जागेची पाहणी, विजेचा दाखला, आगीचा दाखला, पोलिसांची परवानगी. करमणूक कर होताच. १९२३ च्या कायद्याने बसविलेला तो कर २०१७ साली वस्तू व सेवा करात विरेपर्यंत निरनिराळ्या रूपांत चालला. पक्क्या थिएटरवाल्याला हे सर्व वर्षातून एकदा निस्तरता येई, तंबूवाल्याला प्रत्येक मुक्कामी. स्थिर माणसासाठी केलेला कायदा फिरत्याला नेहमीच जाचतो. गारुड्यापासून गोपाळापर्यंत सर्वांचा हाच अनुभव आहे.

तिसऱ्या कारणाकडे चित्रपटावर लिहिणाऱ्यांचे लक्ष जात नाही, कारण ते शेतीचे आहे. १९७२ सालापासून महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. व्यापाऱ्याच्या तावडीतून शेतकऱ्याला सोडवावे हा हेतू चांगला होता, आणि पडत्या भावाच्या काही वर्षांत तिने आधारही दिला. पण बाजारात गाडी खाली केली आणि रोकड मुठीत आली, हा व्यवहार बदलला. रक्कम सोसायटीच्या कर्जात वळती होऊन उरलेली मिळे, आणि पुष्कळदा हप्त्यांनी मिळे. वर्षातल्या ज्या चार आठवड्यांत खेड्यात पैसा खुळखुळत असे ते चार आठवडे पातळ होत गेले. पुढे तर कापूसच मागे हटला. आज वाशीम जिल्हा ओळखला जातो तो सोयाबीनसाठी. सोयाबीन दिवाळीच्या आधी यंत्रातून निघते, पोत्यांत भरून एकदम विकले जाते आणि आलेला पैसा दुकानदाराच्या उधारीला जातो. त्याला महिनोन् महिने चालणारी वेचणी नाही, म्हणून वेचणाऱ्या बायांची आठवड्याची रोख मजुरीही नाही. तंबूच्या बायकांच्या अंगातली गर्दी या मजुरीवर उभी होती, असा माझा तर्क आहे. त्याला आकड्यांचा आधार मी देऊ शकत नाही. पण ज्याने ते दिवस पाहिले आहेत त्याला तो ओढूनताणून आणलेला वाटणार नाही.

शेवटचा घाव मात्र यंत्राचाच. २०१० नंतरच्या तीन-चार वर्षांत चित्रपट फिल्मवर छापणेच बंद होत गेले. २०१३ साली जपानच्या फुजी कंपनीने चित्रपटाची फिल्म बनविणे सोडले. पक्क्या थिएटरांत उपग्रहावरून किंवा संगणकाच्या डबीतून चित्र येऊ लागले. तंबूवाल्याकडे यंत्र होते, तंबू होता, ट्रक होता आणि लावायला नवे चित्रच नव्हते. काहींनी कर्ज काढून नवी यंत्रे घेतली. धुळीत, हेलकाव्यात, जनित्राच्या कमीजास्त दाबात ही नाजूक यंत्रे रुसत. जुने यंत्र बिघडले तर ऑपरेटर तार आणि पक्कड घेऊन ते तासाभरात चालू करी. नव्यापुढे त्याची पक्कड निरुपयोगी ठरली. या शेवटच्या वर्षांचे चित्रण शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या माहितीपटात केले आहे. महाराष्ट्रातल्या यात्रांमधून कित्येक वर्षे हिंडून त्यांनी तो केला आणि २०१६ साली कान येथील महोत्सवात त्याचा गौरव झाला. तंबूच्या हयातीत त्याची दखल आपल्या किती मासिकांनी घेतली होती, हे आपण संपादक मंडळींनी व लेखकांनी आपल्याशीच ताडून पाहावे.

तंबूत सगळे छान होते असे मात्र कोणी समजू नये. पोरे हरवत, भांडणे होत, फिल्म इतकी जीर्ण असे की पडद्यावर अखंड पाऊस पडतोसे वाटे, आणि दोन रिळे गहाळ असली तर कथेतले एखादे लग्न प्रेक्षकांनी मनानेच लावून घ्यावे लागे. आज खेड्यातला मुलगा मोटारसायकलवर तास-दीड तासात अकोल्याला जाऊन थंडगार थिएटरात उत्तम सिनेमा पाहतो, खिशातल्या फोनवर तर हवा तेव्हा पाहतो. त्याला तंबूची हळहळ वाटावी असे मी म्हणणार नाही. त्याची आई मात्र अकोल्याला जात नाही. ती घरी मालिका पाहते, एकटी. पूर्वी तिला वर्षातून एकच रात्र मिळे, पण त्या रात्री तिच्या दोन्ही अंगांना पन्नास-पन्नास बाया असत आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवर त्याच चित्राची पुन्हा उजळणी होई.

या धंद्यातून उठलेल्या एका मालकाच्या घरी काही वर्षांपूर्वी गेलो होतो. यंत्रे भंगारात वजनावर दिली होती. भिंग तेवढे त्यांनी ठेवून घेतले होते, ते नातू कागद जाळायला वापरीत असे. अंगणात सोयाबीनची गंजी होती आणि तिच्यावर अवकाळी पावसाच्या भीतीने जाड मळकट कापड ओढलेले होते. कडेला पितळेच्या कड्या आणि दोर ओवण्याची भोके होती. कापड चांगले आहे, अजून चार-पाच वर्षे टिकेल, असे ते म्हणाले.